घरातली शब्बाथ शाळा : सुतळी, कामट्या आणि परातभर माती

प्रभूमध्ये सलाम.

तुझ्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा : नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी, बंगळूरचा फ्लॅट, आणि मराठी उपासना महिन्यातून एकदाच. बाकीच्या रविवारी तू घरीच शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, गोष्ट सांगतेस आणि इंटरनेटवरून छापून काढलेली चित्रं रंगवायला देतेस. ती दहा मिनिटांत उरकतात, कापसाच्या मेंढ्या सोमवारी केरात जातात आणि बुधवारी विचारलं तर गोष्टही आठवत नाही. मुलांकडून काय करून घ्यावं, कधी करून घ्यावं आणि दोघांना एकत्र कसं बसवावं, हे तुला हवंय. तू मला मावशी म्हटलंस, म्हणून मीही एकेरीवरच येते.

आधी ती छापील चित्रं बंद कर. ती वाईट आहेत म्हणून सांगत नाही. रविवारच्या वर्गात तीस मुलं पाऊण तास सांभाळायची असतात तेव्हा मीही वाटलीत. पण घरात तीस मुलं नसतात आणि घड्याळाची घाईही नसते. मेंढीला कापूस चिकटवला की तिचं काम संपतं, मग ती केरात जाणारच. म्हणून मी एकच कसोटी लावते : वस्तू तयार झाल्यावर घरात तिला काही काम आहे का? काम असेल तर ती टिकते, आणि तिच्यामागची गोष्टही रोज समोर राहते. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवण्याच्या ज्या वेळा सांगितल्यात त्या पाहा : घरी बसलेले असताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना. टेबलाशी बसवून रंगपेटी उघडा, असं तिथं कुठं म्हटलेलं नाही.

दुसरं असं की निम्म्या गोष्टींना काही बनवावंच लागत नाही. त्या करून बघायच्या असतात. तुझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, तेव्हा मापाच्या गोष्टींपासून सुरुवात कर. या वयात मुलांना खरं किती, मोठं किती, हे जाणून घ्यायची ओढ असते.

दावीदानं गोफणीनं पाडलेल्या धिप्पाड गल्याथाची उंची 1 शमुवेल 17 मध्ये (शमुवेलाचं पहिलं पुस्तक, सतरावा अध्याय) दिली आहे : सहा हात एक वीत. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मुलाला स्वतःच्या हातानं सुतळी मोजू दे, मग बाबांच्या हातानं. दोन मापं वेगळी आली की तो स्वतःच विचारेल की खरं कोणतं. मोठ्या माणसाचा हात साधारण दीड फुटाचा धरला तर पावणेदहा फूट होतात. आता ती सुतळी छताला लावून बघा. बऱ्याच फ्लॅटांत तिचं टोक जमिनीवर लोळतं, म्हणजे गल्याथाला तुमच्या घरात ताठ उभंही राहता आलं नसतं. मग सुतळी पॅसेजमध्ये आडवी पसरा आणि धाकटीला तिच्या कडेनं झोपवा. चार वर्षांचं मूल साधारण सव्वातीन फुटांचं असतं, म्हणजे तिच्यासारख्या तिघी लागतील. दावीद आठ भावांतला सगळ्यांत धाकटा होता, हे नेमकं त्या वेळी सांगायचं. सुतळी दाराच्या आत खिळ्याला टांगून ठेव. पुढं वाढदिवसाला मुलांची उंची तिच्यावर गाठ मारून मोजा.

महापुराच्या गोष्टीतल्या नोहाच्या तारवाचं, म्हणजे जहाजाचं, मापही असंच : लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास, उंची तीस. दहा हातांना एक सेंटिमीटर धरलं तर तारू 30 सेंटिमीटर लांब, 5 रुंद आणि 3 उंच होतं. लांबीला मुलाची 30 सेंटिमीटरची मोठी पट्टी बरोबर पुरते. पुठ्ठ्याची तेवढी पेटी केली की लगेच दिसतं की चित्रांतलं ते गोलमटोल तारू, ज्यातून जिराफाची मान बाहेर आलेली असते, ते शास्त्रातलं नाही. शास्त्रातलं तारू ही एक लांबट पेटी आहे. तिला तीन मजले, कोठड्या आणि एका बाजूला दार आहे. एकेक सेंटिमीटरचे तीन मजले घालायला मोठ्याला दोन रविवार सहज लागतील. धाकटीनं डाळ-तांदळाचे दाणे जोडीजोडीनं आत न्यायचे. तांदळाच्या दाण्याला ती हत्ती म्हणाली तर हत्ती.

हरवलेल्या नाण्याची गोष्ट (लूक 15) सांगताना एक रुपयाची दहा नाणी घे, एक लपव आणि दिवे घालव. मुलांना फक्त टॉर्च आणि केरसुणी द्यायची. त्या बाईनं दिवा लावून घर झाडलं होतं, तसंच झाडायचं. नाणं सापडल्यावर तिनं शेजारणींना बोलावलं, तेव्हा तूही काहीतरी गोड कर. त्या निमित्तानं सोफ्याखालचा केरही निघतो, हा माझा स्वार्थ मी कधी लपवला नाही. येशूला बघायला झाडावर चढलेल्या बुटक्या जक्कयाच्या गोष्टीसाठी उंबराचं झाड शोधा. बंगळूरला त्याला अत्ती म्हणतात. जक्कय चढला ते झाड उंबराच्याच कुळातलं. त्याच्या खोडाफांद्यांना उंबरासारखीच फळं लगडतात आणि फांद्या खालपासून फुटतात, म्हणून बुटक्या माणसालाही चढता येतं. मुलाला पहिल्या फांदीवर बसवून तिथंच गोष्ट वाच. ही गोष्ट घरात बसून शंभरदा सांगितली तरी तेवढी कळत नाही.

आता हातांनी करायच्या वस्तू. सप्टेंबर चालू आहे, तेव्हा नाताळची तयारी आत्ताच सुरू करता येईल. गणपतीच्या दिवसांत शाडू माती सहज मिळते, डिसेंबरात शोधत फिरावं लागतं. दोन-तीन किलो आणून ठेव. इंटरनेटवर मैद्यात निम्मं मीठ घालून मूर्ती करायची कृती सगळीकडं दिसते. मी ती करत नाही. ज्या घरात ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ म्हणून जेवायला बसतात, तिथं वाटीवाटीनं मैदा खेळायला घेतला तर मूल आज ना उद्या विचारतंच, आणि आपल्यापाशी चांगलं उत्तर नसतं. कागद चिकटवायला चमचाभर पिठाची खळ, एवढंच मी चालवून घेते.

गव्हाणीच्या देखाव्याची मूर्ती करताना मुलाला आधी शंकू करायला सांग. खाली रुंद, वर निमुळता. त्याच्यावर शेंगदाण्याएवढं डोकं. असं केलं की मूर्ती उभी राहते. पाय करायला गेलं की ती कोसळते आणि मुलगा चिडतो. जोड देताना दोन्हीकडं काडीनं चरे पाडून पातळ मातीचा लगदा लावायचा. मूर्ती सावलीत तीन-चार दिवस वाळू दे, उन्हात तडकते. धाकटीनं मेंढ्या करायच्या : मातीची गोळी, काडेपेटीच्या काड्यांचे चार पाय, मोहरीचे दोन डोळे. मेंढी डुकरासारखी दिसली तरी हात लावायचा नाही. आईनं रात्री बसून नीटनेटकी केलेली मेंढी मुलांना सकाळी ओळखू येते, आणि मग ती त्यांची राहत नाही.

देखावा करण्याआधी मोठ्याकडून एक काम करून घे. लूकचा दुसरा आणि मत्तयाचा दुसरा अध्याय वाचून कोणकोण होतं त्याची यादी करायची. त्याला आढळेल की तिथं गाढव नाही, बैल नाही, आणि मागी लोक (पूर्वेकडून आलेले ज्ञानी) किती होते तेही लिहिलेलं नाही. ते आले तेही घरात आले, गोठ्यात नाही. मग बैल-गाढव आले कुठून? यशयाच्या पहिल्या अध्यायात आपल्या धन्याची गव्हाण ओळखणाऱ्या गाढवाचा उल्लेख आहे. आणि 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात असिसीच्या फ्रान्सिसनं नाताळच्या रात्री गवतानं भरलेली गव्हाण, खरा बैल आणि खरं गाढव आणून लोकांना तो प्रसंग डोळ्यांसमोर दाखवला. तिथून ही चाल पुढं गेली. शास्त्रात काय आहे आणि लोकांनी प्रेमानं काय घातलं, हा फरक नऊ वर्षांच्या मुलाला बरोबर कळतो. तो कळल्यानं बैल काढून टाकावा लागत नाही.

या देखाव्याला महिनाभर काम असतं. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांतल्या, पहिल्या रविवारी फक्त गोठा आणि रिकामी गव्हाण मांडायची. वाळल्या गवताच्या काड्या शेजारी वाटीत ठेव. युरोपात मुलं एकेक चांगलं काम केलं की गव्हाणीत एकेक काडी टाकतात. मला त्यात खोट दिसते, कारण दोन भावंडं असली की लगेच हिशेब सुरू होतो : माझ्या सात, तुझ्या तीनच. म्हणून मी नियम उलटा करते. दुसऱ्यानं आपल्यासाठी काही केलं असेल तर त्याच्या नावानं काडी टाकायची. दादानं बूट घालून दिले, दादासाठी काडी. वॉचमनकाकांनी चेंडू काढून दिला, त्यांच्यासाठी काडी. 15 डिसेंबरच्या सुमारास पसरट थाळीत गहू किंवा नाचणी पेर, नाताळपर्यंत गोठ्याभोवती हिरवळ होते. बाळ 24 तारखेला रात्री ठेवायचं, त्याआधी ते तुझ्या कपाटात कुलपात. मागी लोकांना मात्र घराच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडच्या खिडकीत उभं कर. रोज ते थोडेथोडे पुढं सरकतील, फ्रिजवर मुक्काम करतील, पुस्तकांच्या फळीवरून उतरतील आणि 6 जानेवारीला पोचतील. त्या दिवशी गोव्यात रेइश मागुश आणि चांदोरला तीन राजांचं फेस्त असतं, राजे बनलेली मुलं घोड्यावरून येतात. मुलांना ते जरूर सांग. रोज कोणी सरकवायचं यावरून भांडणं होतील. होऊ देत, तारखा वाटून दे.

चांदणी विकत आणू नकोस. बांबूच्या कामट्या मिळाल्या तर ही गोष्ट बाप-लेकाला एका शनिवारी जमते. दोन-दोन फुटांच्या सारख्या दहा कामट्या आणि सहा-सहा इंचांच्या पाच. फरशीवर खडूनं, हात न उचलता काढतात तशी पाच रेघांची चांदणी काढायची आणि प्रत्येक रेघेवर एक कामटी ठेवायची. एक कामटी वरून, एक खालून अशी गुंफली की आकार पक्का बसतो. पाचही टोकं दोऱ्यानं आवळायची. अशाच दोन चांदण्या करून एकीवर एक ठेवायच्या आणि फक्त टोकं एकमेकांना बांधायची. मग मधे जिथं कामट्या एकमेकींना छेदतात अशा पाच जागा असतात. तिथं लहान कामट्या दोन्ही चांदण्यांच्या मधे उभ्या अडकवल्या की सांगाडा फुगतो. पतंगाचा कागद खळीनं लाव, मागचा एक त्रिकोण दिवा घालायला मोकळा ठेव. आत तीन-चार वॉटचा एलईडीच हवा, जुना तापणारा बल्ब नको. आणि होल्डर असा बांध की दिवा कागदाला टेकणार नाही. मुलगा भूमितीला कंटाळत असेल तर सांग की जर्मनीत नीस्की इथल्या मोरेव्हियन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत 1830 च्या दशकात मुलं भूमितीच्या तासालाच कागदाच्या चांदण्या करत, आणि त्या पुढं जगभर गेल्या. दिवेलागणीला बटण दाबायचं काम धाकटीचं. ते दुसऱ्या कोणी केलं तर आकांत होतो, हे अनुभवानं सांगते.

आगमनकाळाच्या दिव्यांसाठी दिवाळीतल्या चार पणत्या पुरेत. ही रीतही मुलांमुळंच निघाली. हाम्बुर्गमध्ये निराधार मुलांचा आश्रम चालवणाऱ्या योहान विखेर्न यांना मुलं रोज विचारायची की नाताळ कधी. त्यांनी 1839 साली गाडीचं जुनं चाक घेऊन त्यावर रविवारच्या मोठ्या आणि इतर दिवसांच्या लहान मेणबत्त्या लावल्या, म्हणजे मुलांना दिवस मोजता यावेत. तू ताटात माती पसरून चार पणत्या बसव. पहिल्या रविवारी एक लाव, दुसऱ्या रविवारी दोन. धाकटीला सुती फ्रॉक घाल आणि पाण्याचा तांब्या जवळ असू दे.

पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, लोक अंडी रंगवतात. रंगवा, मजा असते. पण वर्षातली माझी सगळ्यांत आवडती वस्तू म्हणजे परातीतली बाग. ईस्टरच्या आधीच्या रविवारी झावळ्यांचा रविवार असतो; त्याच्या आदल्या रात्री मूठभर गहू भिजत घाल. रविवारी पसरट परातीत तीन बोटं माती घालून गहू पेरा. पेरताना योहान 12 मधलं गव्हाच्या दाण्याचं वचन वाचायचं : दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो. परातीच्या एका कडेला अर्धी करवंटी मातीत आडवी दाबून कबर करा आणि तिच्या तोंडाला बसेल असा चपटा दगड मुलांनाच शोधून आणू दे. टेकाडावर काड्यांचे तीन वधस्तंभ. पाणी शिंपायचं काम धाकटीचं. शुक्रवारी संध्याकाळी पांढऱ्या कापडाची पट्टी कबरेत ठेवून दगड लावायचा. शनिवारी काहीच करायचं नाही; मुलं विचारतील आता काय, तर वाट बघायची म्हणून सांग. रविवारी मुलं उठायच्या आत तू दगड बाजूला सारून ठेव, पट्टी आत तशीच. मार्च-एप्रिलच्या उष्म्यात तोवर गहू चार-पाच बोटं वर आलेला असतो. एवढं झाल्यावर समजावून सांगायला फारसं उरत नाही, आणि उरलं तरी त्या सकाळी बोलू नकोस. मुलांना परात बघू दे.

शुक्रवारबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते. चार वर्षांच्या मुलीला खिळे, काटे, रक्त यांचं वर्णन नको. येशूला वाईट माणसांनी मारलं, तो मेला, त्याला कबरेत ठेवलं, आणि रविवारी कबर रिकामी होती, एवढं एका दमात सांगायचं, म्हणजे ती शुक्रवारातच अडकून पडत नाही. मुलानं मार्कचा पंधरावा अध्याय स्वतः वाचावा आणि त्याच्या प्रश्नांना तू जमतील तेवढी उत्तरं द्यावीस. न येणारं उत्तर बनवून देऊ नये.

पाठांतराला कार्डं, चमकणारे स्टिकर, बक्षिसं यांतलं काहीच वापरू नको. बक्षिसासाठी पाठ केलेलं वचन बक्षिसाबरोबरच विसरतात. महिन्याला एकच वचन, पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ रोज एकेक शब्द पुसायचा आणि पुसलेल्या जागेसकट वाचायचं. आठ-नऊ दिवसांत पाटी कोरी होते आणि वचन तोंडात बसतं. मुलं मराठीपेक्षा इंग्रजी भराभर वाचतात म्हणून तू हळहळतेस. मग हे वचन रोज नगरला आजीला फोनवर म्हणून दाखवू दे. आजी चूक काढते, पुढची ओळ सांगते, मधेच आजोबांची आठवण काढते. तसंच भजनाचं. ना. वा. टिळकांना मराठीत फुलामुलांचे कवी म्हणतात. त्यांनी ख्रिस्ती भजनं अभंग-ओवीच्या वळणावर बांधली, त्यामुळं ती टाळ्या वाजवत, चालत, जिना चढतानाही म्हणता येतात. टाळ नसले तर दोन ताटल्या. खालच्या मजल्यावरच्यांचा तेवढा विचार कर.

दानासाठी डबा मुलांनीच करावा, जुन्या चहापत्तीच्या डब्याला चीर पाडून. फक्त पैसे कुठं जाणार हे आधी ठरव. सुगीच्या उपासनेत आपल्याकडं लोक शेतातलं पहिलं पीक आणतात आणि त्याचा लिलाव होतो. तुम्ही ट्रेमध्ये मेथी लावली तर तीन-चार आठवड्यांत दोघांच्या हातात एकेक जुडी येते. गावी जाणं होत नसेल तर बंगळूरच्याच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, द्या.

शेजारची मुलं येऊन बसतात, त्यांना चांदणी करू द्यावी का, असं शेवटी विचारलंयस. करू दे की. त्यांनी दिवाळीत आकाशकंदील केलेला असतो, तुझ्या मुलाहून त्यांचा हात चांगला चालेल. ही चांदणी कशाची, असं त्यांनी विचारलं तर तुझ्या मुलालाच सांगू दे, आणि त्याला येईल तेवढंच. वर आणखी उपदेश नको. प्रार्थनेची वेळ आली की त्यांना घरी पाठव किंवा त्यांच्या आईला आधी विचार. आपली मुलं दुसऱ्यांकडं गेली असती तर आपल्याला जे चाललं असतं, तेच.

सगळं एकदम सुरू करू नकोस. या रविवारी गल्याथाची सुतळी, एवढंच. 1 शमुवेल 17 मोठ्याला मोठ्यानं वाचायला दे, सगळं नको, चौथ्या वचनापासून अकराव्यापर्यंत. अडखळला तरी मधे सुधारू नकोस. सुतळी साधी तागाचीच आण. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, आणि मुलं ती ताणणारच.